एकाच अंकसंख्येची लांबच लांब भूमिती श्रेढी: उत्तर कुठे घसरतं आणि कसं सावरायचं

भूमिती श्रेढी म्हणजे प्रत्येक पदाला एकाच गुणोत्तराने गुणून पुढचं पद मिळतं अशी रांग. प्रश्न असा: सगळीच्या सगळी पदं बरोबर न अंकी पूर्णांक असतील, अशी चढती भूमिती श्रेढी जास्तीत जास्त किती पदांची होते? न ला १, २, ३… अशा किमती देत गेलं की उत्तरांची क्रमिका तयार होते. तिची पहिली दहा पदं:

४, ५, ६, ७, ८, ९, ११, ११, ११, १२

प्रत्येक न साठी अशा सर्वांत लांब श्रेढीचं लहानात लहान पहिलं पद:

१, १६, १२८, १४५८, १०९३५, १३१०७२, १०४८५७६, १०४८५७६०, १००६६३२९६, १०२५३९०६२५

तुमच्या प्रोग्रॅमचं किंवा एक्सेलच्या शीटचं उत्तर याच्याशी जुळत नसेल तर पुढे वाचा. दर चुकीची स्वतःची अशी एक चुकीची क्रमिका असते. त्यामुळे कोड न उघडता, नुसते आकडे बघूनही निदान बऱ्याचदा होतं.

आधी मांडणी

जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे. लोक गुणोत्तर धरून पुढे गुणत जातात आणि पदं पूर्णांक राहायला हवीत हे शेवटी तपासतात. खरं तर सुरुवात भाज्यतेपासून करायला हवी.

गुणोत्तर अ/छ समजा. अ अंश, छ छेद, अ मोठा, दोन्ही सहमूळ. पहिल्या पदापासून शेवटच्या पदापर्यंत घ उड्या आहेत, म्हणजे पदं घ + १. प्रत्येक उडीत अ ने गुणायचं आणि छ ने भागायचं. अ आणि छ यांचा मसावि १ असल्यामुळे अ कडून भागाकाराला काहीच मदत होत नाही. छ ने जेवढ्या वेळा भागायचं, तेवढी सोय पहिल्याच पदात हवी. म्हणून पहिलं पद छ^घ च्या पटीत असणं सक्तीचं आहे (^ म्हणजे घात). मग पदं अशी होतात:

ग×छ^घ, ग×छ^(घ−१)×अ, …, ग×अ^घ

यात ग हा कोणताही धन पूर्णांक. अटी दोनच: पहिलं पद १०^(न−१) पेक्षा लहान नको आणि शेवटचं १०^न − १ पेक्षा मोठं नको. म्हणजे ग ला खालची हद्द आहे १०^(न−१) ÷ छ^घ आणि वरची हद्द (१०^न − १) ÷ अ^घ. या दोन हद्दींमध्ये एखादा पूर्णांक सापडला तर श्रेढी आहे, नाहीतर नाही.

चार अंकांसाठी एकदा हाताने करून बघा. घ = ६ घेतलं तर ५^६ = १५६२५, म्हणजे अ जास्तीत जास्त ४. गुणोत्तर ४/३ साठी ३^६ = ७२९ आणि ४^६ = ४०९६. खालची हद्द १०००/७२९, म्हणजे १.३७, वरची ९९९९/४०९६, म्हणजे २.४४. मध्ये २ बसतो. श्रेढी: १४५८, १९४४, २५९२, ३४५६, ४६०८, ६१४४, ८१९२. ३/२ चालत नाही, कारण ७२९/६४ हे दहापेक्षा मोठं आहे. घ = ७ साठी ४^७ = १६३८४ चार अंकांत मावतच नाही आणि ३/२ तर आधीच बाद आहे. उत्तर ७, आणि अशी श्रेढी एकच.

फक्त लांबी हवी असेल तर छ = अ − १ एवढंच तपासा. अ ठरला की छ जेवढा मोठा तेवढी खालची हद्द खाली येते, वरची हद्द छ वर अवलंबूनच नाही, आणि लागोपाठच्या दोन संख्या सहमूळ असतातच. ही एक गोष्ट लक्षात आली की आतलं एक अख्खं लूप गळून पडतं.

४, ४, ४, ४ असं येतंय

गुणोत्तर फक्त पूर्णांक घेतलं आहे. २ ने गुणत गेलं तर १०, २०, ४०, ८० आणि पुढे १६० ला अंक वाढतो. न काहीही असला तरी चारच पदं. गुणोत्तराला छेद द्या.

४, ५, ६, ६, ६, ६ किंवा ४, ५, ६, ७, ८, ८, ८, ९

छेदाचं लूप लवकर थांबतंय. पहिल्या यादीत छेद २ पर्यंतच जातो, दुसऱ्या यादीत ३ पर्यंत. ३/२ चा सहावा घात ११.३९ होतो, त्यामुळे त्याच्याकडून सहापेक्षा जास्त पदं कधीच मिळत नाहीत. ४/३ ची मर्यादा नऊ पदं आहे. छेदाला ५, १० अशी हाताने टाकलेली मर्यादा असेल तर ती काढा आणि अट अशी ठेवा: अ^घ हे १०^न − १ च्या आत आहे तोवर अ वाढवत जा.

या दुसऱ्या यादीतला आठ अंकांपर्यंतचा उशीर बघण्यासारखा आहे. (४/३)^८ म्हणजे ९.९८९, दहापेक्षा जेमतेम कमी. कागदावर नऊ पदं मावायला हवीत. पण सहा अंकांसाठी ग च्या हद्दी काढा: १०००००/६५६१ = १५.२४ आणि ९९९९९९/६५५३६ = १५.२६. मध्ये पूर्णांक नाही. सात अंकांत १५२.४२ आणि १५२.५९, तरीही नाही. आठ अंकांत १५२४.१६ ते १५२५.८८, तेव्हा कुठे १५२५ हाती लागतो. लॉगॅरिदमचं सूत्र वापरून पदसंख्या काढणारे नेमके इथे फसतात.

उत्तर फारच मोठं येतंय

याची कारणं दोन. एक, वर म्हटलेलं लॉगचं सूत्र. ५/४ साठी ते ११ पदं सांगतं, ११/१० साठी २५, आणि गुणोत्तर १ च्या जवळ नेलं की वाटेल तेवढी. ते सूत्र फक्त दहापटीच्या आत किती उड्या मावतात एवढंच सांगतं. पहिलं पद छ^घ च्या पटीत हवं हे त्याला ठाऊकच नसतं.

दुसरं कारण जास्त चिवट आहे: दोन गुणोत्तरं "जवळजवळ सारखी" आली की श्रेढी मान्य करणं. ९९७, ९९८, ९९९ घ्या. ९९८/९९७ आणि ९९९/९९८ यांत फरक आहे १/९९५००६, म्हणजे सुमारे दहा लाखांत एक. पाच दशांशस्थळांपर्यंत तुलना केली तर ही श्रेढी "पास" होते, आणि मग शेजारच्या संख्याही रांगेत घुसतात. ही सूट (किती फरक चालवून घ्यायचा ती मर्यादा) कमी करून भागत नाही. नऊ अंकी ९९९९९९९९७, ९९९९९९९९८, ९९९९९९९९९ यांची गुणोत्तरं ६४ बिटच्या दशांश प्रकारात (डबल) तंतोतंत एकच साठवली जातात. तिथे शून्य सूट ठेवूनही चुकीचंच उत्तर येणार.

उपाय: भागाकार नकोच. मधल्या पदाचा वर्ग = दोन्ही बाजूंच्या पदांचा गुणाकार, हे पूर्णांकांत तपासा. ९९८² = ९९६००४ आणि ९९७×९९९ = ९९६००३; श्रेढी नाही, विषय संपला. पण हेच एक्सेलमध्ये आठ अंकांवर करू नका. ९९९९९९९८² आहे ९९९९९९९६००००००००४ आणि ९९९९९९९७×९९९९९९९९ आहे ९९९९९९९६००००००००३. २^५३ च्या पलीकडे डबलला विषम पूर्णांक धरता येत नाही, त्यामुळे दुसरी संख्याही ४ वर जाऊन बसते आणि दोन्ही समान ठरतात.

प्रोग्रॅम थांबतच नाही

गुणोत्तर १ वगळलेलं नाही. ७, ७, ७, ७… ही तांत्रिकदृष्ट्या भूमिती श्रेढीच आहे आणि ती अमर्याद आहे. अ > छ ही अट काटेकोर ठेवा.

सहापर्यंत बरोबर, सातव्याला १० येतंय

हे बहुधा गणलेलं नसतं, अंदाजाने भरलेलं असतं. ४, ५, ६, ७, ८, ९ बघून "न + ३" लिहून टाकण्याचा मोह कुणालाही होईल. पण सात अंकांना उत्तर ११ आहे, आणि १० हा आकडा या क्रमिकेत कधीच येत नाही.

सात अंकांची ती एकमेव श्रेढी: १०४८५७६, १३१०७२०, १६३८४००, २०४८०००, २५६००००, ३२०००००, ४००००००, ५००००००, ६२५००००, ७८१२५००, ९७६५६२५. गुणोत्तर ५/४, ग = १, पहिलं पद ४^१० आणि शेवटचं ५^१०. ही दोन्ही सात अंकांत बसतात याचं श्रेय २^१० = १०२४ ला, म्हणजे किलोबाइटवाल्या ओळखीच्या आकड्याला. ४^१० म्हणजे १०२४ चा वर्ग, त्यामुळे तो दहा लाखांच्या किंचित वर आहे. ५^१० म्हणजे १०^१० भागिले १०२४, त्यामुळे तो एक कोटीच्या किंचित खाली आहे. १०२४ हजारापेक्षा थोडा जास्त आहे, म्हणून दोन्ही टोकं आत राहतात.

पण हाच योगायोग आठ अंकांना नडतो. तिथे ६/५ साठी ५^१० = ९७६५६२५ हे खालच्या टोकाला थोडक्यात कमी पडतं. ग ची खालची हद्द १.०२४, वरची १.६५, आत पूर्णांक नाही. अकराच्या वर जाणं तर सोडाच, ६/५ कडून अकरा पदंही मिळत नाहीत. आठ अंकांची अकरा पदांची श्रेढी एकच आहे, आणि ती म्हणजे सात अंकांचीच, प्रत्येक पदापुढे शून्य लावलेली.

नऊ अंकांत बारा पदांसाठी ६/५ च्या हद्दी २.०५ आणि २.७६, पुन्हा मध्ये काही नाही. दहा अंकांत बारा पदं मिळतात, आणि एकदम अकरा प्रकारे: ६/५ च्या सात (ग = २१ ते २७), ७/६ च्या तीन (ग = ३, ४, ५) आणि ८/७ ची एक, ७^११ = १९७७३२६७४३ पासून ८^११ = ८५८९९३४५९२ पर्यंत. तेरा पदांसाठी ६/५ च्या हद्दी ४.०९६ आणि ४.५९, म्हणजे इथेही थोडक्यात हुकतं.

शून्य लावण्याच्या या युक्तीमुळे एक गोष्ट पक्की होते: न वाढला की उत्तर कमी होऊ शकत नाही. तुमच्या यादीत कुठेही घसरण दिसली तर कोडमध्ये चूक आहे, शोधत बसायची गरज नाही. वेळ वाचवायलाही हे उपयोगी आहे. नव्या न साठी घ ची सुरुवात मागच्या उत्तरापासून करा; घ = १, २ साठी अ चं लूप प्रचंड लांबतं आणि तिथे हाती काहीच लागत नाही. थांबायची अटही सोपी आहे: एखाद्या घ ला श्रेढी नसेल तर त्यापुढच्या घ ना नसणारच, कारण लांब श्रेढीचं शेवटचं पद खोडलं की आखूड श्रेढी उरते.

"पदं नेहमी अंकांपेक्षा जास्त" हाही असाच एक फसवा अंदाज आहे. २३ अंकांत १०^२२ ते ११^२२ अशी २३ पदं बसतात, त्याहून जास्त नाहीत. २४ अंकांत २४, २५ अंकांत २५. त्यापुढे १.१ चा पंचविसावा घात १०.८३ होतो आणि ११/१० बाद होतं. २६ पदांसाठी अ किमान १२ लागतो आणि १२^२५ ही संख्या २७ अंकी आहे. त्यामुळे २६ अंकांनाही उत्तर २५ च राहतं, आणि तिथून पुढे पदं कायम अंकांपेक्षा कमी.

लांबी जुळते, पण श्रेढी किती ते जुळत नाही

इथे छ = अ − १ पुरत नाही; अ शी सहमूळ असलेले सगळे छ घ्यावे लागतात. सर्वांत लांब श्रेढी किती, याची यादी न = १ ते १० साठी १, १, १, १, ३, १, १, १, १५, ११ अशी आहे. पण चूक पकडायला याहून सोपी कसोटी म्हणजे दोन अंकी संख्यांच्या तीन पदी चढत्या श्रेढी मोजणं. बरोबर उत्तर ५२. तुमचं उत्तर यापैकी असेल तर कारण समोरच आहे:

१७: पुन्हा पूर्णांक गुणोत्तरच (दुपटीच्या १५, तिपटीच्या २).
५०: खालच्या सीमेला "≥" ऐवजी ">" पडलं आहे, १०, २०, ४० आणि १०, ३०, ९० सुटल्या.
५८: वरची सीमा १०० धरली आहे, ४९, ७०, १०० सारख्या सहा घुसल्या.
६२: मसावि तपासलेला नाही. १२, २४, ४८ ही २/१ म्हणून एकदा आणि ४/२ म्हणून दुसऱ्यांदा मोजली गेली.
१०४: उतरत्या श्रेढीही धरल्या.
१४२: सगळी पदं सारखी असलेल्या ९० श्रेढीही आल्या.

दोन चुका एकत्र असतील तर आकडे मिसळतात. तेव्हा एक अंकी संख्यांवर उतरा. तिथे तीन पदी चढत्या श्रेढी फक्त चार आहेत: (१, २, ४), (२, ४, ८), (१, ३, ९) आणि (४, ६, ९). चौथी नसेल तर छेद विसरलात.

अंक मोजताना आणि सीमा काढताना

अंकसंख्या लॉगने मोजू नका. ९९९९९९९९९९९९९९९ (पंधरा नऊ) चा दहाच्या पायाचा लॉग डबलमध्ये नेमका १५ येतो आणि संख्या सोळा अंकी ठरते. पायथनमध्ये लॉग फंक्शनला दुसरा आकडा म्हणून १० दिलात तर १००० चा लॉग २.९९९९९९९९९९९९९९९६ येतो, ही तर उलट दिशेची चूक. थेट १०^(न−१) आणि १०^न − १ यांच्याशी तुलना करा. अ ची कमाल किंमत काढायला घ-वं मूळही घेऊ नका, १००० चं घनमूळ घातांक १/३ देऊन काढलं तर १० च्या किंचित खाली येतं. अ एकेकाने वाढवा आणि अ^घ बघा, एवढंच पुरे.

ग ची खालची हद्द वरच्या पूर्णांकाला नेताना आधी दशांश भागाकार आणि मग वर नेणं असं करू नका. (भाज्य + भाजक − १) ला भाजकाने पूर्णांक भागाकार द्या. वरच्या हद्दीला साधा पूर्णांक भागाकार पुरतो.

सी किंवा जावामध्ये ६४ बिटचा चिन्हांकित पूर्णांक ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंतच जातो, म्हणजे १९ अंकांत मध्येच संपतो. वर्गाची कसोटी त्याच्या कितीतरी आधी मोडते: ३०३७०००५०० चा वर्गच त्यात मावत नाही, म्हणजे दहा अंकांतच गडबड सुरू. आणि ती गडबड आवाज न करता होते. संख्या उलटून ऋण होते आणि प्रोग्रॅम चालतच राहतो. पायथनच्या पूर्णांकांना ही मर्यादा नाही, पण कुठेतरी एक "/" राहून गेला की सगळं डबलमध्ये जातं. त्या जागी "//" हवं.

दशमान सोडून दुसरी पद्धत

देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ या स्थिरांकासारखीच ही क्रमिकाही दशमान पद्धतीला बांधलेली आहे; पाया बदलला की सगळे आकडे बदलतात. कोडमध्ये १० हा आकडा चार ठिकाणी विखुरलेला असेल तर तो एका चलात ठेवा, नाहीतर एखादी जागा बदलायची राहते आणि उत्तर अर्धं दशमान, अर्धं द्विमान येतं. पडताळणीसाठी द्विमान पद्धतीतली पहिली सात पदं १, २, २, २, ३, ३, ४ अशी आहेत. एक बिटात फक्त १ ही संख्या असल्याने पहिलं उत्तर १. पाच बिटांत १६, २०, २५; आणि सात बिटांत ६४, ८०, १००, १२५, कारण ५^३ = १२५ हे १२८ च्या तीनच खाली आहे.